खिचडीवाल्या बाईंचा प्रश्न

तिसगावजवळच्या एका शाळेत मी भूकंपाचे धक्के नोंदवणारं यंत्र फरशीत पक्कं बसवत होतो. खिचडी शिजवणाऱ्या बाई दारातून माझ्या हातांवर नजर ठेवून होत्या.

"जमीन मोजून नेनार व्हय सायेब?"

"नाही मावशी. भूकंपात जमीन कशी हलते, ते हे यंत्र नोंदवतं."

"आधी वाजतंय का?"

"वाजत नाही. त्या नोंदींवरून पुढच्या इमारती मजबूत बांधतात."

बाईंनी पदराला हात पुसले आणि भिंतीतल्या भेगेत बोट घातलं. ते अर्धं आत गेलं.

"म्हंजी ही पोरं भिंतीखाली गेल्यावर तुमची नोंद हुनार."

दुपारी त्यांनी मुलांची पंगत बाहेर मैदानात बसवली. अहवालात मी यंत्राआधी त्या भिंतीबद्दल लिहिलं.