किनाकोच्या वाटीत काय घालायचं

तोकुजी नागानेने उभं आयुष्य जपानमधल्या हाचिनोहे बंदरातल्या माकूल पकडणाऱ्या बोटींवर काढलं. आभाळाकडे बघून तो वाऱ्याचा बेत ओळखायचा, पण घरात तांदूळ कुठल्या डब्यात असतात हे त्याला सत्तरी उलटली तरी माहीत नव्हतं. ते खातं त्याच्या बायकोचं, सुमिएचं. त्यामुळे सुमिए दारातल्या बर्फावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा तोकुजीच्या पायाखालची जमीनच सरकली.

स्ट्रेचरवरून जाताजाता तिने बजावलं, "अहो, तुमचं तुम्ही काहीही खा, पण किनाकोची आबाळ करू नका."

किनाको म्हणजे तिची पाळलेली सशीण. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठासारखा रंग, लोंबते कान, आणि स्वभावाने पक्की मानी बाई. तोकुजीला तर ती जवळपास फिरकू द्यायची नाही.

सुमिएने तिचं खाणं एका साध्या पत्र्याच्या डब्यात काढून ठेवलेलं होतं. करड्या-हिरव्या गोळ्या, वास वाळल्या गवताचा. तोकुजी रोज त्यातल्या थोड्या वाटीत घालायचा आणि मनात म्हणायचा, हे काय जेवण झालं! काही दिवसांनी डबा रिकामा झाला. सुमिए ज्या दुकानातून गोळ्या आणायची ते म्हातारीचं दुकान नुकतंच बंद पडलं होतं. मग तो हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेला आणि फळीवरचं सगळ्यात देखणं पाकीट उचललं. पिवळे मक्याचे दाणे, लाल-केशरी तुकडे, वाळलेली पपई, सूर्यफुलाच्या बिया.

किनाको त्या वाटीवर तुटून पडली. इतकंच नव्हे, संध्याकाळी पाकिटाचा आवाज झाला की धावत येऊन त्याच्या पायाशी घोटाळायला लागली. तोकुजीची छाती फुगली. गवताच्या टोपलीला ती तोंडही लावत नाही हे त्याला दिसत होतं, पण मेजवानी असताना गवत कोण खाईल, असं त्याने गृहीत धरून टाकलं.

मग एका सकाळी ती कोपऱ्यात पाठीचा पोक काढून बसलेली दिसली. डोळे अर्धे मिटलेले. पपईचा तुकडा नाकाशी नेला तर तिने तोंड फिरवलं. ट्रेमध्ये लेंडी नावालाही नव्हती.

तोकुजीने तिला अंगातल्या जाड जाकिटात गुंडाळलं आणि प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. शिमोदा डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला, सुई दिली.

"वेळेत आणलंत, आजोबा," त्या म्हणाल्या. "पोट थांबलंय. सशाचं पोट चोथ्यावर चालतं. चोथा नाही की गाडी बंद. काय घालत होता?"

त्याने पाकिटाचं वर्णन केलं. बाई रागावल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं.

"ह्यात ती गोड गोड वेचून खाते आणि बाकीचं टाकते. दिवसभर गवत हवं, गोळ्या अगदी थोड्या, आणि त्याही गवताच्याच. पण लगेच बदलू नका. आधी पोट सुरू होऊ दे, मग हळूहळू."

घरी आल्यावर तो पातळ केलेलं औषधी खाणं पिचकारीने तिच्या तोंडात सोडत बसला. निम्मं तिच्या पोटात, निम्मं त्याच्या बाहीवर. इतक्यात सुमिएचा रोजचा फोन आला.

"काय म्हणतेय माझी किनाको?"

"मजेत आहे." तिचा खुबा नुकता जुळत होता. तिला कशाला घोर लावायचा?

"फोन तिच्या तोंडाशी धरा बघू. गवत चावल्याचा आवाज ऐकू दे. इथे फार करमत नाही हो."

तोकुजीने फोन धरला. कुरुम् नाही की कुरुम् नाही.

"झोपलीय," तो म्हणाला.

"ह्या वेळेला? अहो, तुम्हाला कधी धड खोटं बोलता आलंय का? काय झालंय?"

मग त्याने सगळं सांगितलं. तो शिव्यांची वाट बघत राहिला.

"आणि हे सगळं तुम्ही एकटेच निस्तरत होतात?" सुमिएने विचारलं. "मला सांगायचं नाही? माझा खुबा मोडलाय, कान नाही मोडलेत."

तोकुजीच्या खांद्यावरून ओल्या जाळ्याचं ओझं उतरल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच दुकानात, त्याच फळीसमोर, फोन कानाला लावून उभा होता.

"समोरचं चित्र बघू नका. पाठीमागे पहिला पदार्थ काय लिहिलाय?"

"थांब, चष्मा... मक्याचं पीठ."

"ठेवा खाली. पुढचं?"

"आल्फाल्फा."

"ते गवत पिल्लांना. आपली बाई पोक्त झाली. पुढचं?"

"टिमोथी गवत. पण सुमिए, ह्यात एकही रंगीत तुकडा नाही. दिसायला अगदीच दरिद्री आहे गं."

"मग तेच. फायबर किती लिहिलाय? साखर, बिया काही नाही ना?"

"फायबर पंचवीस टक्के. साखर नाही, बिया नाहीत."

"घ्या. आणि गवत जास्त घ्या."

शेजारी उभी असलेली एक बाई हळूच आपल्या हातातलं रंगीत पाकीट परत ठेवून टिमोथीकडे वळली.

पिचकारीने भरवणं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे पोट चोळणं चालूच होतं. मग एका दुपारी तोकुजी चहा ओतत असताना मागून बारीक आवाज आला. किनाको टोपलीतली एक काडी ओढून चावत होती. कान हलत होते. तो किटली हातात धरून तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने ट्रेमध्ये लेंड्या दिसल्या, गोल, टपोऱ्या. एवढा आनंद त्याला भरल्या बोटीनेही कधी दिला नव्हता.

त्याने फोन लावला. "सुमिए! झाल्या!"

"काय झाल्या?"

"लेंड्या! चांगल्या वाटाण्याएवढ्या!"

सुमिएने ती बातमी खोलीभर सांगितली असावी, कारण फोनमधून बायकांचा हशा आणि टाळ्या ऐकू आल्या. तोकुजी तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने डोळे पुसले.

पुढे नव्या गोळ्या त्या जुन्या रंगीत खाण्यात चिमूटचिमूट मिसळायच्या होत्या. किनाकोने पपई वेचून वाटी उलथवली, दोनदा त्याच्याकडे पाठ करून बसली. "रुसू दे," सुमिए म्हणाली, "गवत खातेय ना? मग बस." हळूहळू रंगीत तुकडे संपले आणि तिने हिरव्या गोळ्याही निमूटपणे मान्य केल्या.

चेरीला कळ्या धरल्या तेव्हा सुमिए काठी टेकत घरी आली. बसल्याबसल्या तिने किनाकोला मांडीवर घेऊन बरगड्या चाचपल्या, दात बघितले.

"थोडी उतरलीय. छान झालंय."

"आणि मी?" तोकुजीने विचारलं.

"तुम्हीही उतरलात," ती म्हणाली. "ते मात्र छान नाही. चला, तांदळाचा डबा दाखवते."