करडईतला पिवळा कोळी

शेळी आडवी झाली आणि तिच्या नाकातून ताक आलं. मी तिच्या मानेशी बसले होते, हातात बाटली. तिने डोळे पांढरे केले. मला वाटलं, गेली.

ताक मीच पाजलं होतं. शेळी गाभण होती आणि सकाळपासून करडईच्या बांधावर चरत होती. बांधालगतच्या एका फुलावर मला मधमाशी दिसली. डोकं फुलात, हात लावला तरी हलेना. पलीकडे धाकट्या जावेची करडई. तिने औषध फवारलं, ते वाऱ्याने आमच्या गवतावर आलं आणि शेळीच्या पोटात गेलं, असं मी ठरवून टाकलं. उतारा म्हणून ताक.

माझी ओरड ऐकून जाऊ धावत आली.

"काय मारलंस गं करडईवर? शेळी गेली माझी!"

"मी कशाला मारू? पंप मोडून पडलाय महिनाभर. अक्का, बाटली काढा आधी! गुदमरतंय की जनावर!"

"मग माशी कशानं मेली?"

"माशा मला इचारून मरत्यात व्हय?"

तिने बाटली हिसकली, शेळीचं तोंड खाली केलं आणि छातीवर थापा मारल्या. शेळी शिंकली, खोकली. ताक माझ्या लुगड्यावर उडालं.

शेळी उठल्यावर मी जावेला त्या फुलापाशी नेलं, पुरावा दाखवायला. तिने काडीने माशी हलवली, तर माशी मागे ओढली गेली. पाकळ्यांत एक कोळी होता. करडईसारखाच पिवळा, ज्वारीच्या दाण्याएवढा, पुढचे पाय खेकड्यासारखे पसरलेले. माशी त्याने मानेत धरली होती. जाळं कुठेच नाही.

"हा बघा तुमचा फवारा," जाऊ म्हणाली.

चुकलं असं मी म्हणाले नाही. उरलेलं ताक तिला दिलं, ती प्यायली.

एवढ्याशा जिवाने आपल्याहून मोठी माशी नुसती बसून कशी धरली, ते मला अजून कळलेलं नाही. करडई काढल्यावर वस्तीपुढच्या पांढऱ्या शेवंतीत तसाच कोळी दिसला, पण पांढराफेक. जाऊ म्हणते, तोच आलाय, रंग बदलून. मी म्हणते दुसरा. दुसरा असेल तर पिवळा कुठे गेला? मी रोज जाऊन बघते. काही ठरत नाही.

शेळी दोन दिवस खोकली. जगली. पोटातलं करडूही जगलं.