टोपीवाला विहिरीत आहे

जगात चित्रकथा वाचणारी माणसं लाखांनी असतील, पण चित्रकथेतल्या माणसाला विहिरीतून वर काढायला दुधाची किटली हातात घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरलेली बाई एकच, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. आम्ही कोल्हापूरकर आत्याला आत्ती म्हणतो. ही आत्ती म्हणजे धिप्पाड बाई. संध्याकाळी दोन म्हशी हाकत गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर यायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळता ग्लास त्याच्या हातात द्यायची आणि तो रिकामा होईपर्यंत त्याला पेपरातल्या चित्रकथेचा आजचा हप्ता ऐकवायची. दूध पचायचं, हप्ता मात्र माणसाच्या डोक्यात बसायचा. मी लहानपणी देवादिकांच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या, पण ज्यांच्यासाठी जिवाचं पाणी पाणी झालं ती माणसं सगळी आत्तीच्या पेपरातली.

तिची आवडती चित्रकथा कुठल्या तरी परदेशातली, मराठी करून छापलेली होती. रोज तीन चौकटी. आत्ती त्यांना 'घरं' म्हणायची. नायकाचं छापील नाव मोठं भारदस्त होतं, पण आत्तीनं त्याला पहिल्या दिवशीच 'टोपीवाला' म्हटलं आणि आमच्या गल्लीपुरतं ते बारसं कायम झालं. हा गडी घोड्यावरून पडो, नदीतून वाहत जावो, डोक्यावरची टोपी कधी हलायची नाही. "गुणाचं पोरगं हाय, डोकं उघडं टाकत न्हाय," आत्ती कौतुकानं म्हणायची. त्याचा वैरी अंधाऱ्या गुहेतही काळा चष्मा लावून फिरे. तो अर्थातच गॉगलवाला. "रातचं गॉगल घालतंय म्हंजे एक तर डोळं आल्यात, न्हाय तर नियत वंगाळ हाय!" हा आत्तीचा निकाल, आणि त्यावर अपील नव्हतं.

पेपर दारात पडला की पहिली कात्री आत्तीची. तीन घरं कापून झाली की उरलेला पेपर आमच्या मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना मिळायचा. मामा बिचारे गरीब स्वभावाचे. मधोमध पडलेल्या भोकातून पलीकडं बघत म्हणायचे, "आमच्या पेपराला खिडकी हाय. वाचून कट्टाळा आला की रस्ता दिसतोय." त्या खिडकीत कधी गुळाचा भाव जायचा, कधी मामांचं राशिभविष्य. कापलेली घरं आत्ती कणकेच्या खळीनं गोठ्याच्या भिंतीला ओळीनं चिकटवायची, धार काढता काढता मागचं पुढचं जुळवून बघता यावं म्हणून. एकदा थोरल्या म्हशीनं खळीच्या वासानं भिंत चाटायला सुरुवात केली आणि टोपीवाल्याचं अख्खं लग्न गिळलं. आत्ती म्हशीवर रागावली नाही. "तिलाबी आवडलं असंल," म्हणाली, पण त्या दिवसापासून भिंतीवरची घरं हातभर वर सरकली.

तिचं सगळ्यात अवघड काम म्हणजे ही माणसं खरी नाहीत हे परक्याला कळू देणं. तसं तिनं कधी केलंच नाही. एकदा कट्ट्यावर हातकणंगल्याचा एक पाहुणा दूध पीत उभा होता. आत्ती शेजारणीला सांगत होती, "काल दुपारधरनं गुहेत कोंडलंय त्येला. पोटात अन्न न्हाय, अंगात ताप हाय, आणि घरचं एक माणूस इचारत न्हाय बघ." पाहुण्याचा घोट घशातच अडकला. "पोलिसांत वर्दी दिलासा काय?" त्यानं कळवळून विचारलं. आत्तीनं त्याच्याकडं बघितलं आणि सुस्कारा टाकला, "पोलीस त्येंच्यातच सामील हाईत, पावणं." तो भला माणूस दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करून पोराची चौकशी करायला आला. पोरगं सुटल्याचं कळल्यावर त्यानं आणखी एक ग्लास दूध घेतलं.

आणि वार्षिक अंक! उन्हाळ्याच्या सुट्टीत जाडजूड, रंगीत चित्रकथांचा अंक यायचा, त्या दिवशी आत्तीच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, जी शांतता असायची तशी मी पुढं परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा अनुभवली नाही. हातपाय धुऊन आम्ही सगळी चिल्लीपिल्ली तिच्याभोवती बसायचो. ती अंक मांडीवर घ्यायची आणि खालच्या घरांवर दुधाच्या चरवीचं झाकण ठेवायची. "डोळं हावरं असत्यात. पुढचं बघून घेत्यात आणि मग आत्ताचं ग्वाड लागत न्हाय." एक घर वाचायचं, त्यातला कोपरा न् कोपरा बघायचा, मागच्या झाडावरचा पक्षी आधीच्या घरातलाच आहे का तेही बघायचं, मगच झाकण बोटभर सरकायचं. ते झाकण सरकताना माझ्या अंगावर खरोखर काटा यायचा. आजवर मोठमोठी थिएटरं पाहिली, भिंतीएवढे पडदे पाहिले, पण त्या पितळी झाकणाखालून जग जसं उलगडायचं, तसं परत कुठं उलगडलं नाही. ही बाई साधीसुधी नाही, हिच्या हातात काहीतरी विद्या आहे, असं तेव्हा वाटायचं. खोटं कशाला सांगू, अजूनही वाटतं.

मग तो घात झाला. गॉगलवाल्यानं टोपीवाल्याला वाळवंटातल्या एका खोल विहिरीत ढकललं. पोहऱ्याचा दोर हाती लागला म्हणून गडी मध्येच लोंबकळत राहिला, आणि तिसऱ्या घरात गॉगलवाला काठावर बसून सुरीनं दोर कापायला लागला. खाली 'क्रमशः'. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर त्या जागी मुळ्याच्या कोशिंबिरीची कृती! आत्तीला वाटलं, चुकून झालं असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी भरली वांगी आली. आत्तीनं किटली उचलली, माझं मनगट धरलं आणि तडक कचेरी गाठली. तिथले उपसंपादक सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, समजावून सांगितलं, "मावशी, ती चित्रं बाहेरून यायची. करार संपला, बंद झाली."

"बंद झाली म्हंजे? त्यो तसाच लोंबकाळत ऱ्हाणार?"

"आता आम्ही काय करणार?"

"आवं, तुमच्याच पेपरात पडलाय न्हवं त्यो? एवढंच सांगा की, मेला काय जगला?"

उपसंपादकांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? आम्हालाही माहीत नाही, मावशी."

ज्या बाईच्या तोंडाला आख्खी गंगावेस दबकून असायची, ती परतताना खाली मान घालून चाललेली बघून मला रडू फुटलं. त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येकानं टोपीवाल्याला आपापल्या परीनं वाचवलं. कुणी म्हणालं दोर तुटलाच नाही, कुणी म्हणालं घोडा आला. मामांनी तर जेवताना हळूच म्हटलं, "सुटला असंल की गं, नायकच हाय त्यो." आत्तीनं त्यांच्याकडं बघितलं. "तुम्ही बघितलासा काय?" मामांनी मुकाट्यानं भाकरी मोडली. बघितल्याशिवाय खरं नाही, सांगोवांगी चालणार नाही, हा तिचा खाक्या. जयसिंगपूरला लग्नाला गेली तर अक्षता पडायच्या आत रद्दीची दुकानं पालथी घालून यायची. मुंबई-पुण्याला कुणी निघालं की माणसं चिवडा मागतात, आत्ती पुढची तीन घरं मागायची. वर्षं गेली. मामा गेले, म्हशी गेल्या, आम्ही पोटापाण्यामागं पांगलो. टोपीवाला विहिरीतच होता.

दोनेक वर्षांमागं आत्तीला कडेचं दिसेनासं झालं. मी तिला डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं जमेल तितकी टिकवू, पण फार भरवसा धरू नका. आत्तीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हुंदे. माझं एकच बघायचं ऱ्हायलंय." डॉक्टरांना वाटलं, तीर्थयात्रा असेल. मला कळलं. परतीच्या रिक्षात मी म्हटलं, "आत्ती, मी शोधतो. सापडलं की वाचून दाखवतो." ती फटकन म्हणाली, "वाचून नगं. दाव मला. दिसतंय तवर दाव."

आणि मी इरेला पेटलो. जुन्या अंकांचे शौकीन असतात, त्यांच्या मोबाइलवरच्या गटांत शिरलो, ओळखपाळख नसलेल्यांना विहीर आणि गॉगल समजावत बसलो. बरेच जण हसले. शेवटी निपाणीचे एक निवृत्त गुरुजी भेटले. तीच चित्रकथा तिकडं कानडी वार्षिक अंकात सबंध छापली होती आणि तो अंक त्यांनी पोरासारखा जपला होता. अंक हातातून सोडायला ते तयार नव्हते, पण विहिरीपासूनच्या पानांचे फोटो एकाखाली एक लावून पाठवले. फाइल आली, आणि माझं धाडस झालं नाही उघडायचं. तो मेला असला तर? इतकी वर्षं जिवंत ठेवलेला माणूस मी तिच्या पुढ्यात नेऊन मारायचा? रात्रभर तळमळलो. पण "बघितलासा काय?" असं विचारणाऱ्या बाईपुढं माझा शहाणपणा कशाला? दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा टॅब घेऊन आत्तीच्या सोप्यात जाऊन बसलो.

टॅब तिच्या मांडीवर ठेवला. मधलं तेवढं दिसतं म्हणून ती मान इकडं तिकडं फिरवून चित्रावर नजर आणायची. विहीर दिसली तशी ती पुढं वाकली. "त्योच हाय," ती पुटपुटली. मी म्हटलं, "बोट ठेव आणि वर सरकव." तिनं बोट सरकवलं, आणि बोटाबरोबर टोपीवाला वर सरकला. आत्ती दचकली. "मी वडला व्हय त्येला?"

"तूच ओढतीयस. ओढ."

ती सावकाश ओढायला लागली, दोर तुटू नये अशा बेतानं. एका घरात दोराचा एकच पीळ उरलेला. पुढच्यात काठावरचा गॉगलवाला गायब. पुढच्यात दोरावर आवळलेले दोन हात. आणि मग सबंध पानभर एक म्हातारी, शेळ्यांना पाणी पाजायला आलेली, काठाला टाच देऊन मागं रेललेली, दोर खेचणारी. मागं काटेरी झुडपात गॉगलवाला उताणा पडलेला आणि त्याच्यासमोर शिंगं रोखून उभी असलेली शेळी.

"अगं बया! बाई हाय की!" आत्ती ओरडली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. माझंही काही वेगळं नव्हतं. म्हातारीच्या तोंडून निघालेल्या फुग्यात कानडी अक्षरं होती. मी म्हटलं, "काय म्हणतीय कुणास ठाऊक, मला कानडी येत नाही."

आत्तीनं चित्र डोळ्यांजवळ नेलं, म्हातारीचे हात बघितले, टाच बघितली. "त्यात काय यायचंय? सोडू नगंस म्हणती."

शेवटच्या घरात टोपीवाला वाळूवर पालथा पडून धापा टाकत होता. आत्तीनं टोपी जागेवर आहे ना ते बघून घेतलं. मग तिचं बोट उलटं फिरलं. म्हातारी खाली गेली, हात गेले, दोर गेला, आणि टोपीवाला परत विहिरीच्या तळाकडं उतरला.

"अगं, सुटला की तो," मी म्हटलं.

"सुटला की. दिसतंय तवर आणि एकदा वडते."

ऊन सोप्यावरून उतरून रस्त्यावर गेलं, तरी ती त्याला खाली सोडत होती आणि वर ओढत होती, आणि तो काठाला लागला की दर वेळी नव्यानं हरखून म्हणत होती, "आला बघ, आला!"