हाशमभाईंची लाइन

सावद्याच्या केळीच्या मळ्यांखालून आमच्या कंपनीची गॅसची लाइन जाते. तिच्यावरून रोज नऊ किलोमीटर चालायचं, हे हाशमभाईंचं काम. मी जळगावच्या ऑफिसात टायपिंग करतो. माझी चप्पल सहा वर्षं टिकते.

लाइनला खरी भीती जेसीबीची. कोण कधी खोदणार हे चालून कळत नाही, बसल्यावर कळतं. हाशमभाई बसायचे. सुनंदाबाईंच्या मळ्यात चहा, पुढे कुठे पाणी, आणि गप्पांत गुरुवारी ठिबकसाठी चारी खोदणार ही बातमी. गुरुवारी स्वारी जेसीबीच्या पुढ्यात हजर. बारा वर्षांत लाइनला ओरखडा नाही.

तेव्हा कंपनी म्हणजे दोन खोल्या होत्या. मालक मोटरसायकलवर यायचे. मग भुसावळ झालं, धुळं झालं, जळगावात मेहरूणच्या घराघरांत गॅस पोचला, आणि आम्ही एवढे फुगलो की परदेशातल्या एका बड्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले.

नव्या मालकांनी हाशमभाईंच्या गळ्यात एक यंत्र अडकवलं. माणूस चालला की हिरवी खूण, एका जागी दहा मिनिटं थांबला की लाल. महिन्यात तीन लाल झाल्या की करार रद्द. हाशमभाई कंत्राटी, वय सत्तावन्न, आणि धाकट्या मुलीच्या, रूहीच्या नर्सिंगची दोन वर्षं बाकी. त्यांनी बसणं सोडलं. सुनंदाबाई हाक मारायच्या, हे लांबूनच हात हलवायचे. चार महिने सगळं हिरवंगार. साहेब खूश. मला मात्र त्यांचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता.

मग एका दुपारी सुनंदाबाईंच्या मळ्यात जेसीबीचा दात लाइनला घासला. खाली लाइन आहे हे सांगणारा पिवळा खांब केळीच्या पानांआड गेला होता. नशीब, पाइप फुटला नाही. भुसावळकडचा गॅस सहा तास बंद राहिला. हाशमभाई धापा टाकत पोचले, तेव्हा सुनंदाबाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, पहिले तुमी बसत होते त सारं सांगत होती मी. आता सांगू कोनाले?"

साहेबांनी मला हाशमभाईंच्या नावाने जबाब टाइप करायला लावला. 'मी शेतमालकाला आगाऊ ताकीद दिली होती.' सही झाली की कंपनी सुटणार, हाशमभाईंची नोकरी राहणार आणि सुनंदाबाईंवर पोलीस केस.

मी वाचून दाखवलं. हाशमभाई खुर्चीत बसले.

"मी सांगेल नव्हतं," ते म्हणाले.

"माहीत आहे. पण सही करा, हाशमभाई. रूहीचं बघा."

"तिचंच बघत चार महिने चाललो, अमृतभाऊ. थकलो आता. दुसरा कागद काढा. लिहा, हाशम बसला नाही, म्हनून त्याले कळलं नाही."

मी काढला. त्यांनी सही केली.

सुनंदाबाईंवर केस झाली नाही. हाशमभाईंचा करार महिनाअखेर संपला. रूही भुसावळच्या एका दवाखान्यात काम करून शिकते. ऑफिसात कधी विषय निघाला, की तो पहिला खोटा कागद कोणाचा होता असं विचारतात. मी साहेबांचं नाव सांगतो. टाइप मी केला होता, आणि हाशमभाईंनी त्यावर सही केली असती तर मला बरंच वाटलं असतं.