खोरफक्कानचे थॉर्नकेल्ड

हिवाळ्यात इंग्लंडमध्ये माझे सासरे वारले. तेव्हापासून माझा नवरा मार्टिन एकच वाक्य घोकत होता, "थॉर्नकेल्ड नावाचा आता मी शेवटचा." आडनाव मुळातच दुर्मिळ, त्यात त्याला ना भाऊ ना चुलते. अशात शारजाच्या अल नहदात राहणाऱ्या मैत्रिणीने पूर्व किनाऱ्यावरच्या खोरफक्कानमधल्या एका दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला: ‘थॉर्नकेल्ड मरीन’. पाटीवरचा नंबर लागेना. "राहू दे," मार्टिन म्हणाला. मी म्हटलं, शनिवारी जायचं म्हणजे जायचं.

दुबईत आम्ही राहतो त्या अल बर्शाहून सकाळी निघालात तर दीड-पावणेदोन तास लागतात. टाकी शारजातच भरून घ्या. पुढे वाळवंट संपून करडे डोंगर सुरू होतात, एकामागून एक बोगदे लागतात आणि मग अचानक समुद्र. वाटेत दोन दिरहमचा करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घेतला. जवळजवळ पन्नास रुपये झाले, पण तो प्याच. भेटणाऱ्या इंग्रजाशी काय बोलायचं, याची मार्टिन बहुधा मनात तयारी करत होता.

दुकानात दोरखंड, बोटीच्या इंजिनाचे पंखे, ऑइलचे डबे. काउंटरमागे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ फोनवर सांगत होते, "उद्या पाठवतो म्हटलं ना, खलास." चक्क मराठीत.

मी नाव विचारलं.

"युसूफ थॉर्नकेल्ड. आम्ही रत्नागिरीकडचे."

मार्टिनने आपलं ओळखपत्र पुढे केलं. युसूफभाईंनी ते वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि आतून खुर्च्या आणल्या.

त्यांचे आजोबा बोटीवर खलाशी होते. इंग्लंडच्या एका बंदरात त्यांनी लग्न केलं. बायको लवकर वारली, तेव्हा ते लहानग्या मुलाला घेऊन गावी परतले. "शाळेत मास्तरांनी आडनाव विचारलं, तर आज्यानं आजीचं सांगितलं. गाव हसलं. तो बोलला, तिचं दुसरं काय ऱ्हायलंय माझ्याजवळ?"

मी मार्टिनला इंग्रजीत सांगत गेले. मग त्याने नावाचा अर्थ सांगितला: थॉर्न म्हणजे काटा, केल्ड म्हणजे झरा. काट्यांतला झरा असलेलं कुठलं तरी गाव असणार, ते सोडून गेलेल्यांना लोक त्याच नावाने ओळखू लागले.

"म्हणजे आपण झरेकर," युसूफभाई म्हणाले.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. घरी सुरमई आणि तांदळाची भाकरी होती. तिथे मार्टिन पहिल्यांदाच वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलला, थांबत थांबत. निघताना युसूफभाईंनी त्याचा हात धरून ठेवला.

दोन्ही घराणी मुळात एकच का, ते कळलेलं नाही. आजीचं गाव युसूफभाईंना ठाऊक नाही, आणि मार्टिनलाही आता पुरावा नकोय. शुक्रवारी त्यांचा फोन येतो, दोघं इंग्रजी-हिंदीत कसंबसं बोलतात. मग युसूफभाई म्हणतात, "जरा वहिनींना द्या."

सासरच्या नावाच्या माणसाने मला वहिनी म्हणावं, हे मी कधी मागितलं नव्हतं. पण शुक्रवारी मी फोनच्या आसपासच असते.