बांधापलीकडून आलेलं उत्तर

गेल्या रविवारी मी एका ऑफिसात बसून रडले. रिटायर झालेली, सगळ्यांना फटकळ म्हणून माहीत असलेली बाई... खुशाल हसा.

भंडाऱ्याजवळ मुलींचं निरीक्षणगृह आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुली तिथे ठेवतात. मी आठवड्यातून दोनदा पेटी घेऊन जाते, गाणं शिकवते, लिहायला लावते.

"चोरट्या पोरींना सा रे ग म शिकवून काय होणार?" असं मला आमच्या कॉलनीतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं. त्यांचा मुलगा तीन वर्षं गिटारच्या क्लासला जातोय आणि अजून एक गाणं धड वाजवत नाही. त्याचं काय होणार, हे मी विचारलं नाही. संस्कार आडवे आले.

असो. तिथली एक मुलगी, सोळा वर्षांची. खरं नाव सांगायचं नाही असा नियम आहे, आणि तो चांगला आहे, म्हणून आपण तिला मैना म्हणू. तिनं काय केलं तेही सांगणार नाही. मोहाडीकडची, धानाच्या शेतात वाढलेली.

मी सगळ्यांना आपापल्या गावचं एक गाणं लिहायला सांगितलं. मैनानं रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं गाणं लिहिलं, पण एकाआड एक ओळ कोरी! आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर अर्धवट कामाला उभं करायच्या. मीही आवाज चढवला.

"मॅडम, ते आमच्या तोंडचं नाही नं," ती म्हणाली. "एक ओळ आम्ही म्हणतो, दुसरी बांधापलीकडच्या बाया. त्यायचं मी काहून लिहू?"

रोवणा करताना शेजारशेजारच्या दोन बांध्यांतल्या, म्हणजे खाचरांतल्या बाया अशा एकमेकींना उत्तरं देत गातात. पलीकडून उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही. मैना अलीकडच्या बांधीत, तिची आई पलीकडच्या. लहानपणापासून असंच.

आणि ही आई तिच्याशी बोलत नव्हती. मैनाला इथं आणल्यापासून एक शब्द नाही. दर रविवारी मुलींना घरी फोन लावून देतात, स्पीकरवर, ऑफिसमध्ये. आई फोन उचलायची, ऐकायची, आणि शेजारणीच्या हातात द्यायची.

"हिच्या मायले रेंज नाही," बाकीच्या पोरी चिडवायच्या. मैना पण हसायची. ते हसणं मला बघवायचं नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी स्वतः ऑफिसात जाऊन बसले. परवानगी लागते म्हणाले. मी म्हटलं, मग द्या.

फोन लागला. सध्या रोवणे जोरात आहेत, रविवारचीही सुट्टी नाही. पलीकडून चिखलातली पचपच, दूरवर बायांचं हसणं, त्याहून लांब कुठेतरी ट्रॅक्टर... आणि आईचं गप्प राहणं.

"माय... मी बोलून राहिली." काही नाही. "माय, जेवली का वं?" काही नाही. क्लार्क घड्याळाकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं घड्याळ सोडलं.

मग मैना गायला लागली. बारीक आवाजात, टेबलाची कड धरून...

"बांधावरल्या बगळ्या, माहेराले जाशीन का..."

आणि थांबली. पुढची ओळ तिची नव्हती.

फोनमधली पचपच वाढली, मैनानं तीच ओळ पुन्हा म्हटली. मग एक बाई अगदी जवळून ओरडली, "अवं, कोन म्हणून राहिली वं? आपली पोरगी व्हय का?" कुणीतरी हसलं. आणि मग सगळ्या बायांनी एकदम उचललं...

"जाईन बाई जाईन, निरोप मले देशीन का!"

मैनानं पुढची ओळ घेतली. त्यांनी उत्तर दिलं. आणखी एक. त्या स्पीकरच्या खरखरीत आख्खं शेत ऑफिसात शिरलं होतं. वेळ संपली, फोन कट झाला. क्लार्कनंही लगेच दुसरा नंबर लावला नाही.

मी तिला जवळ ओढलं. "बघ! दिलं की नाही तुझ्या आईनं उत्तर?"

मैनानं मान हलवली. "माय नाही होती त्याच्यात. तिचा आवाज मले समजते, मॅडम."

काय मेलं हे गाणं शिकवायला गेले, असं वाटलं.

तिनं ओढणीला नाक पुसलं. खिडकीबाहेर बघत राहिली.

"पण फोन कोनं धरला होता?" ती हळूच म्हणाली. "बाया तर लांब होत्या. मंग आवाज जवळ आला. कोनतरी त्यायच्यापाशी चालत गेलं नं, रोवणा सोडून... फोन तर मायच्याच हातात होता."

तेव्हा मी रडले.

आई अजून बोललेली नाही. ती बोलेल की नाही, मला माहीत नाही, आणि तिच्यावर जे गुदरलंय त्यात मी नाक खुपसणार नाही. पण गुडघाभर चिखल तुडवत, लेकीची ओळ त्या बायांपर्यंत नेणाऱ्या त्या हाताला माझा नमस्कार.

मैना रोज सकाळी विचारते म्हणे, आज कोणता वार... रविवार यायला फार वेळ लागतो हो.