गौतमने बसवलेला व्हॉल्व्ह

नव्वदच्या दशकात माझी पोस्टिंग काश्मीरमधल्या एका सिग्नल कंपनीत होती. रँक कॅप्टन. मी शहापूरची, रेडिओ मेकॅनिक हवालदार गौतम मुरबाडकडचा. कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ०५३० ला सेटची तपासणी, ०६०० ला सगळ्या ठाण्यांशी संपर्क. सेट बिघडला तर नेमक्या पार्टची वाट पाहायची नाही. बसेल तो बसवायचा, योग्य पार्ट आला की बदलायचा.

एका सकाळी पुढच्या ठाण्याकडून उत्तर आलं नाही. तीनदा हाक दिली. नुसती खरखर.

"जाऊन येतो, मॅडम," गौतम म्हणाला. "एस्कॉर्टचे जवान यायला चाळीस मिनिटं लागतील. थांबू?"

"नको. निघ."

"मुरबाडचा मानूस हाय मी. डोंगर काय नवा नाय."

०८१५ ला त्याचा आवाज आला. "सेट ओके. ओव्हर."

"शाब्बास. परत ये. आउट."

परतीच्या वाटेवर त्याच्यावर गोळीबार झाला. तो गेल्याचं ०९१० ला मला कळवण्यात आलं.

कमिशनची मुदत संपल्यावर मी शहापूरला परतले. एकटी राहते, जुने रेडिओ दुरुस्त करते. एके दिवशी दुपारच्या एसटीने गौतमचे वडील आले. हातात गोधडीत बांधलेला लाकडी पेटीचा रेडिओ.

"धा मिनटं वाजतो, बाय. मंग जळका वास येतो."

मागचा पुठ्ठा काढून सेट लावला. ट्रान्सफॉर्मर इतका तापला की हात लाववेना. वीज एकदिश करणारा काचेचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह दुसऱ्याच नंबरचा होता. पिना तंतोतंत जुळत होत्या, पण तो करंट जास्त खेचत होता.

"ह्यो काढायचा नाय," बाबा म्हणाले. "गौतमानं शेवटच्या सुट्टीत बसवलाय."

"ठेवला तर ट्रान्सफॉर्मर जळेल. मग रेडिओच राहणार नाही."

"तुमी फौजी लोक! कायबी बसवता, आन् मंग काडायला लावता."

मूळ नंबरचा व्हॉल्व्ह माझ्या डब्यात होता. तो समोर ठेवला. त्यांनी रेडिओच्या पेटीवरून हात फिरवला.

"काड."

स्विच बंद करून मी फडक्याने व्हॉल्व्ह उपसला. बाबांनी तळवा पुढे केला.

"तापलाय, बाबा."

"आसू दे."

त्यांनी मूठ मिटली. मी नवा व्हॉल्व्ह बसवला. अर्ध्या मिनिटाने बातम्या लागल्या. अर्धा तास चालू ठेवला, वास आला नाही. मी रेडिओ बंद केला. जे त्यांच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं, ते तेव्हा सांगितलं.

"त्याला मी पाठवलं. एस्कॉर्टसाठी थांबू दिलं नाही."

बाबांनी मूठ उघडली नाही.

"सकाळचा काय खाऊन गेल्ता का?"

"चहा," मी म्हणाले. "नुसता चहा."